परतबाई

पावाच्या कारखान्याला दोन दारं होती. पहाटे पुढच्या दारानं ताजा, वाफाळलेला पाव गाड्यांत भरून बाहेर पडायचा. जो दुकानांत खपला नाही, ज्याची तारीख उलटली, तो दुपारी मागच्या दारानं परत यायचा. मागच्या दाराला लागून एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी, तीही उंचावर, आणि फरशी कायम ओली. परत आलेला माल निवडायचं काम त्या खोलीत चालायचं आणि ते काम एकच बाई करायची. हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे तिला परतबाई म्हणायचे.

"परतबाई, परत आले बघ तुझे लाडके!" असं ओरडत गाडीवाला ट्रेची चळत उतरवायचा आणि रोज आपल्याच विनोदावर आपणच हसायचा. सुरुवातीला तीही हसायची. नंतर नुसती मान हलवायची. हसायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक पुडा उजेडाकडे धरायचा, उलटासुलटा बघायचा, शंका आली तर फोडून वास घ्यायचा. नुसते वाळलेले पाव टोपलीत टाकायचे. ते शेजारच्या भट्टीत जाऊन त्यांचे टोस्ट व्हायचे. बुरा आलेले झाकणाच्या पिंपात. नवीन माणसाला वाटायचं, यात काय, डोळे उघडे ठेवले की झालं. पण दिवसभर सडकं बघायचं म्हणजे डोळ्यांपेक्षा मनच जास्त थकतं, हे त्याला दोन आठवड्यांत कळायचं आणि तो दुसऱ्या खात्यात बदली मागायचा. परतबाईनं बदली मागितली नव्हती. कुणीतरी करायलाच हवं, मग आपण केलं तर काय बिघडलं, असा तिचा स्वभाव. बिघडलं ते पुढे.

बुरशीच्या तऱ्हा तिला तोंडपाठ झाल्या होत्या. आधी पीठ सांडल्यासारखा पांढरा ठिपका. मग त्याच्या मधोमध हिरवट-निळा रंग धरायचा आणि कडेला पांढरी किनार राहायची. काही पुड्यांत राखाडी लव उठायची, मांजराच्या पाठीसारखी मऊ, आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे टिपके. असा पुडा नुसता दाबला तरी भोकातून धूर निघावा तशी पूड बाहेर पडायची. कारखान्यानं तोंडाला बांधायला मास्क दिला होता. पण तो बांधला की चष्म्यावर वाफ धरायची आणि काही दिसायचं नाही. म्हणून मास्क गळ्यात असायचा आणि पूड जायची तिथे जायची.

संध्याकाळी ती घरी निघायची तेव्हा अंग आंबून गेलेलं असायचं. पायांत दिवसभर रबरी बूट. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यांची खाज आणि आग. बसमध्ये शेजारी बसणारा माणूस नाक फेंदारून इकडेतिकडे बघायचा. तिला कळायचं. ती खिडकीबाहेर बघत बसायची.

घरी तिचे वडील होते. बस, एवढंच घर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटी बहीण लग्न करून दुसऱ्या गावी होती. परतबाईचं लग्न एकदोनदा जमता जमता राहिलं, आणि मग तो विषय कुणी काढेनासं झालं. वडील म्हातारे झाले, त्यांना सोडून कुठे जाणार, असं ती म्हणायची. वडील म्हातारे नव्हते तेव्हाही हेच म्हणायची, असं धाकटी म्हणायची.

बाबांची सगळी हयात त्याच कारखान्यात गेली होती. पण ते होते पुढच्या दाराच्या बाजूला, पीठ मळायच्या खोलीत. त्या काळी खमिराची पाकिटं येत नव्हती. जुन्या मळलेल्या पिठातला एक गोळा राखून ठेवायचा, त्याला रोज थोडं पीठ-पाणी घालायचं आणि त्यावर दुसऱ्या दिवसाचं पीठ फुगवायचं. तो गोळा सांभाळायचं काम बाबांकडे होतं. गार पडलं की ते त्या डब्याला आपल्या कोटात गुंडाळून ठेवायचे. मुली लहान असताना एकदा डबा घरी आणला होता. थोरलीनं झाकण उघडून बघितलं, तर आत बुडबुडे येत होते आणि आंबूस वास सुटला होता.

"बाबा, हे खराब झालं."

"खराब नाही गं, जिवंत आहे ते," बाबा म्हणाले. "पावावर बुरशी येते ना, तिच्याच भावकीतलं. एक पाळलेलं, एक मोकाट. पाळलेलं आपल्यासाठी राबतं. मोकाट असतं ते आपलं खातं."

तिनं तेव्हा मान डोलावली. आता इतक्या वर्षांनी, बाप ज्या कारखान्यात पाव फुगवायचा तिथेच लेक पाव फेकायला बसली होती. गाडीवाला एकदा असं बोलूनही गेला. नंतर जीभ चावली आणि तिच्यासाठी चहा घेऊन आला.

बाबांना आता सगळं नीट आठवत नव्हतं. म्हणजे फार पूर्वीचं आठवायचं, आणि सकाळी काय खाल्लं ते नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना एक नवीनच सवय लागली होती. ते पाव लपवायचे. पानातल्या दोन स्लाइसपैकी एक खायचे आणि दुसरी गुपचूप खिशात. मग ती स्लाइस उशीच्या अभ्र्यात जायची, नाहीतर रेडिओच्या मागे, फुलदाणीत, कोटाच्या अस्तरात. एकदा ती कामावर निघताना बुटात पाय घालायला गेली आणि अंगठ्याला काहीतरी मऊ लागलं. पाव. आणि त्यावर छान हिरवी झालर.

लहानपणी त्यांनी उपासमार बघितली होती, एवढं तिला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी फार बोलले नव्हते. पण रोज हजारो पाव भट्टीत जाताना बघितलेला माणूस आयुष्याच्या शेवटी एक-एक तुकडा दडवून ठेवतो, याचं तिला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, आणि मग नुसता वैताग. कारण दिवसभर बुरा आलेले पाव शोधायचे, आणि घरी आल्यावर पायांतले बूटही न काढता पुन्हा तेच काम. उशा उचकायच्या, खिसे उलटे करायचे. बाबा खाटेवर बसून बघत राहायचे.

"काय शोधतेस, ताई?" धाकटीमुळे घरात सगळेच तिला ताई म्हणायचे, बाबासुद्धा.

"काही नाही, बाबा."

"माझ्याकडे नाहीये हं," ते म्हणायचे. त्यावरून तिला कळायचं की आहे.

सापडलेला तुकडा ते सोडायचे नाहीत. "वरचं खरवडून टाक की, आत चांगला आहे." ती सांगायची, बाबा, वर दिसतं तेवढंच नसतं, मुळं आत गेलेली असतात. ते ऐकल्यासारखं करायचे आणि तिची पाठ वळली की नखानं खरवडून तोंडात टाकायचे. तिच्या नाकी नऊ आले होते.

त्या वर्षी पाऊस लागून राहिला होता. त्यांची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. कपाटामागच्या भिंतीला ओल धरली आणि त्यावर काळे डाग पसरले. न्हाणीघराच्या चौकटीचं लाकूड कुजलं होतं. एका सकाळी त्यातून दोन कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, फिकट, लांब मानेच्या. बाबांना त्यांचं फार कौतुक. "राहू दे गं, बिचाऱ्या," म्हणाले. तिनं त्या झाडूनं उपटून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिसरी आली.

आणि तिला खोकला लागला. कोरडा, ढास लागल्यासारखा. दिवसभर छातीवर कुणी विटा रचून ठेवल्यासारखं वाटायचं. कारखान्यातला जिना चढताना धाप लागायची. शेवटी गाडीवाल्यानंच तिला दटावलं आणि ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पण दुपारपर्यंत एवढे पेशंट तपासून झाले होते की त्यांचा चेहरा परतबाईपेक्षाही दमलेला दिसत होता. त्यांनी छाती तपासली, नळीत जोरात फुंकायला लावलं आणि विचारलं, "सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का?"

परतबाईनं आठवून बघितलं. "हो. असतो खरा."

"काम काय करता?"

तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती जी पूड उडते ना, ती बुरशीची बीजं आहेत. रोज छातीत जातायत. थोडी सगळ्यांच्याच जातात, हवेत असतातच ती. पण तुम्ही ओंजळीनं घेताय. आता तुमच्या छातीला ती सोसेनाशी झाली आहेत. घरात ओल आहे?"

"आहे."

"मग आगीतून फुफाट्यात." त्यांनी ओढायचा पंप लिहून दिला, पायाच्या चिखल्यांना मलम दिलं. "याचा उपयोग होईल, पण खरं औषध एकच. काम बदला."

"काम काय झगा आहे का डॉक्टर, अंगातला काढून दुसरा घालायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "चिठ्ठी देते," म्हणाल्या. "सुपरवायझरला दाखवा. आणि निदान मास्क तरी नाकावर घ्या. गळ्यात घालून बुरशी घाबरत नाही."

सुपरवायझरनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बघू."

वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या 'बघू'मध्ये मोठमोठी माणसं गडप झाली होती. ती रोज खोकत पुडे उघडत राहिली. आता मास्क नाकावर असायचा आणि चष्मा कपाळावर.

अशात धाकटी आली. आठवडाभर राहीन म्हणाली. आल्या-आल्या बाबांना मिठी मारली, मग त्यांचा कोट खुंटीला लावायला घेतला आणि अस्तरात हात घातला. हात बाहेर आला तो हिरव्या पुडीनं माखलेला.

"ईऽऽ! ताई! हे काय आहे?"

"पाव आहे," परतबाई खुर्चीत बसल्या-बसल्या म्हणाली. तिनं अजून बूट काढले नव्हते.

"पाव? ही सडकी घाण बाबांच्या खिशात? तू बघत नाहीस का?"

"बघते. रोज बघते."

"भिंतीची काय दशा झालीय! नुसता कुबट वास मारतोय घरात. म्हातारं माणूस आहे, त्यांना काही झालं म्हणजे? तुला सवय झालीय त्या घाणीत राहायची, म्हणून तुला काही वाटत नाही."

परतबाईला बोलायचं होतं. उत्तर तयारही होतं, चांगलं सणसणीत. पण ते घशापर्यंत आलं आणि तिथे त्याचा खोकला झाला. खोकून झाल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "मग तू कर साफ. मी पडते जरा."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि धाकटीनं कंबर कसली. भिंत ब्लीचनं घासली, गाद्या खिडकीत टाकल्या, उशा उसवल्या. काय-काय निघालं म्हणून सांगावं! कपाटाच्या तळाशी एक अख्खी बिस्किटांची पेटी पावाच्या तुकड्यांनी भरलेली होती. काही दगडासारखे वाळलेले, काही लव आलेले, काहींची नुसती पूड. धाकटीनं ते सगळं पिशवीत भरलं आणि गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकून आली. बाबा बघत होते. धाकटीला वाटलं, बरं झालं, त्यांना कळलं नाही.

दुपारी तिचा डोळा लागला. उठली तेव्हा दार उघडं होतं आणि बाबा घरात नव्हते.

तिनं कारखान्यात फोन केला. परतबाई एप्रनवरच धावत सुटली. छातीत श्वास मावत नव्हता. बसथांब्याकडे गेली, बागेकडे गेली, धाकटी दुसऱ्या बाजूनं. शेवटी बाबा सापडले कचराकुंडीपाशी. वरून पाऊस पडत होता आणि ते कुंडीच्या कठड्यावर ओणवे झाले होते. अंगात नुसता सदरा. पिशवी फाडून त्यांनी पावाचे तुकडे बाहेर काढले होते आणि भिजू नयेत म्हणून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरले होते. थंडीनं तोंडातली कवळी वाजत होती.

"बाबा, चला घरी."

"कुणीतरी फेकून दिलं, ताई," ते म्हणाले. "चांगला पाव होता. कुणीतरी फेकून दिला."

परतबाईनं त्यांना अंगावरचा एप्रन काढून पांघरला. मागे धाकटी उभी होती. ती तोंडावर हात ठेवून रडत होती.

त्या रात्री बाबांना ताप भरला. सकाळी श्वास घरघरायला लागला. हॉस्पिटलात नेलं तर न्यूमोनिया निघाला. खोलीत चार खाटा होत्या, बाबांची खिडकीजवळची. हाताला सलाईन, त्यातून दिवसातून कितीदा तरी औषध सोडत होते. आळीपाळीनं दोघी बहिणी उशाशी बसायच्या. बाबा ग्लानीत पिठाशी बोलायचे. "अजून फुगलं नाही. झाकण लावा. वारं लागतंय त्याला."

एका दुपारी, दोघीही खोलीबाहेरच्या कठड्याशी चहा पीत उभ्या असताना धाकटी म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही. पाऊस होता."

"मी फेकलं ते."

"मीही रोज फेकतच होते की." परतबाईनं कप खाली ठेवला. "फक्त मी बाबांसमोर फेकत नव्हते. त्यांना झोप लागली की न्यायचे. तुला सांगायला हवं होतं. पण तू बोललीस ना, मग मला सांगावंसं वाटलं नाही."

धाकटीनं नाक पुसलं. "तू इतकी खोकतेस, ते मला फोनवर कधी सांगितलंस?"

"काय सांगायचं? घरोघरी मातीच्या चुली."

"चूल पुरे. डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

मग परतबाईनं सांगितलं. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. दिवस मोठे असले तरी सांगण्यासारखं त्यात थोडंच होतं.

औषध लागू पडलं. ताप उतरला, छातीतली घरघर कमी झाली. फेरीवर आलेले म्हातारे डॉक्टर बाबांची नाडी धरून म्हणाले, "आजोबा, पावाच्या कारखान्यात होता म्हणे? मग तुमची आणि या औषधाची जुनी ओळख. बुरशीच्याच घराण्यातलं आहे हे. पहिल्यांदा सापडलं ते एका बुरशीतच."

बाबांनी डोळे उघडले. "पाळलेली का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते परतबाईकडे बघायला लागले. "हो, बाबा," ती म्हणाली, "पाळलेली." बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं. आणि हसता-हसता असा खोकला आला की नर्सनं तिलाच स्टुलावर बसवलं.

पण बुरशीचं देणं-घेणं तेवढ्यावर संपलं नाही. घरी यायच्या आदल्या दिवशी बाबा जेवेनासे झाले. घास तोंडाजवळ नेला की तोंड फिरवायचे. परतबाईला वाटलं, रुसलेत. मग तिनं बॅटरी मागवून तोंडात बघितलं. जीभ, गाल, टाळू, सगळीकडे दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. ते काय आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. असला थर ती रोज बघत होती, फक्त पावावर.

"तोंड आलंय त्यांचं," नर्स म्हणाली. "बुरशीच ती. सगळ्यांच्या तोंडात थोडी-थोडी असते. ह्या औषधानं बाकीचे जंतू मेले, हिला रान मोकळं मिळालं. घाबरू नका, थेंब देतात. कवळी मात्र काढून रोज स्वच्छ धुवा."

थेंबांची बाटली आली, ती हातात धरून परतबाई स्टुलावर बसली. एका बुरशीनं बापाला वाचवलं, आता दुसरी त्याला जेवू देईना. तिला वाटलं, आता पुरे. मला कुणाशीच भांडायचं नाही, हिच्याशी तर नाहीच नाही. भिंतीवर ये, पायात ये, छातीत ये, पावावर ये. ये बाई, कुठे यायचं तिथे ये. ती किती वेळ तशीच बसून होती कोण जाणे. मग धाकटी आली. तिनं तिच्या हातातून थेंबांची बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "जा, त्या बाकावर पाठ टेक जरा. हे मी करते."

आठवडाभर राहायला आलेली धाकटी महिना राहिली. थेंब तिनेच घातले, कवळी तिनेच धुतली. दुधात भिजवलेला पाव चमच्यानं भरवला. आणि एक दिवस बहिणीला न विचारता ती कारखान्यात जाऊन सुपरवायझरसमोर बसली. तिथे काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. गाडीवाला मात्र सांगायचा की बंद दारातूनही धाकटीचा आवाज मागच्या दारापर्यंत येत होता आणि सुपरवायझरचा अजिबात येत नव्हता. त्याच आठवड्यात परतबाईला टोस्टच्या भट्टीवर घेतलं. परतीच्या खोलीत बाहेरच्या कंत्राटाची माणसं आली, आणि भिंतीत एक मोठा पंखा बसला. तो आधीही बसवता आला असता.

भट्टीचं काम सोपं होतं असं नाही. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे अंगाची लाही. पण हवा कोरडी होती. फरशी कोरडी होती. बूट नको होते. पायाच्या चिखल्या सुकल्या. खोकला एका दिवसात गेला नाही, पुरता तर कधीच गेला नाही, पंपही ठेवावा लागला. पण जिना चढताना मधे थांबायला लागायचं ते थांबलं.

भट्टीवरच तिला एक गोष्ट सुचली. खरं म्हणजे सुचायला नवीन काही नव्हतं, रोज समोरच होतं. ज्यात ओल नाही त्याला बुरा येत नाही. तिनं टोस्ट घरी आणायला सुरुवात केली. कडकडीत भाजलेले, हलके. बाबांच्या पानात एक मऊ स्लाइस ठेवायची आणि बाजूला दोन टोस्ट. मऊ ते खायचे, दात नसले तरी. टोस्ट खिशात जायचे. आता ती खिसे तपासत नव्हती. आठवड्यातून एकदा, बाबा झोपले की जुने काढून तितकेच नवे ठेवायची, म्हणजे मोजले तरी कमी भरू नयेत. बाबांनी कधी मोजले की नाही, देव जाणे. पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती चोरटी भीती हळूहळू गेली. शोधायला कुणी येत नाही म्हटल्यावर ते कधीकधी स्वतःच एखादा टोस्ट काढून दाखवायचे. "हे बघ, ठेवलाय. लागेल तेव्हा आहे."

"हो, बाबा. राहू दे."

भिंतीचा डाग ब्लीचनं गेला होता, तो पुढच्या पावसात पुन्हा आला. घरमालकानं 'बघू' म्हटलं. धाकटीनं फोनवर त्याचा नंबर मागितला तेव्हा परतबाई म्हणाली, "थांब जरा. एका वर्षात एक सुपरवायझर पुरे."

पुढे एका रविवारी धाकटी न कळवता आली. पिशव्या सांभाळत तिनं दार वाजवलं. आतून पावलं सरकत आल्याचा आवाज झाला आणि बाबांनी दार किलकिलं केलं. त्यांनी तिला ओळखलं की नाही, हे त्यांच्या डोळ्यांवरून समजत नव्हतं. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते कुजबुजले. "ताई झोपलीय. दमलीय ती."

धाकटीनं डोकावून बघितलं. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. परतबाई भिंतीकडे तोंड करून, हात उशाखाली घालून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं आणि ती घोरत होती. अंगावर बाबांचा कोट होता. धाकटीनं पिशव्या दाराबाहेरच ठेवल्या, चपला काढल्या आणि ती बापाच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. दोघंही तिची झोप होईपर्यंत तिथेच बसून राहिली.